पिवळा टोमॅटो आणि पुडीवरची चिठ्ठी



मागच्या संक्रांतीला आमच्या परसबाग गटाने एक ठरवलं होतं. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे आणि आरसे-कंगवे लुटायचे नाहीत, बियांच्या पुड्या लुटायच्या. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे. हळदीकुंकवाचंही वाण आणि बियाण्याचंही वाण. तेव्हा हेच वाण देऊ, असं म्हणून आम्ही जुन्या कागदांच्या पुड्या बांधल्या. दोडका, घेवडा, वाल, मिरची, आणि तीन पुड्या पिवळ्या टोमॅटोच्या.

त्या तीन पुड्यांवरून आमच्यात जे रामायण झालं, तेच आज सांगायचं आहे. श्रावणात रोपं टाकली, भाद्रपदात लावली, मार्गशीर्षात फळं पिकली. पहिल्या पुडीतून निघाले विजेच्या दिव्यासारख्या आकाराचे बारके पिवळे टोमॅटो, घोसाघोसाने. दुसऱ्या पुडीवर कुणीतरी पेनाने 'गोल्डन क्वीन' असं लिहिलं होतं. त्यातून निघाले गुळगुळीत, केशरी रंगाकडे झुकणारे गोल टोमॅटो. तिसरी पुडी आमच्या गटातल्या काकूंनी दिली होती. वर नुसतं 'पिवळा टोमॅटो, मोठा'. वहिनींनी त्यातली चार रोपं लावली. तीन झाडांना लालभडक फळं आली, एकाच झाडाला पिवळी.

वहिनी म्हणाल्या, "काकू, पुडी बदलली तुमची." काकू म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्या फळाचं बी काढलंय. शपथ घेऊ का?" आठ दिवस दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. मग आम्ही सगळ्यांनी मिळून वाचायला घेतलं, माहीतगारांना विचारलं. वाचता वाचता कळलं, की हे भांडण पुष्कळ जुनं आहे. पिवळ्या टोमॅटोचा सगळा इतिहासच पुडीवरच्या चिठ्ठीचा इतिहास आहे. आणि काकू खोटं बोलत नव्हत्या हेही कळलं. ते कसं, ते पुढे येईलच.

सुरुवात करू या नावापासून. इटलीत टोमॅटोला 'पोमोदोरो' म्हणतात. त्याचा अर्थ सोन्याचं सफरचंद, सोनेरी फळ. आपण टोमॅटो म्हटला की लाल रंग डोळ्यांपुढे आणतो. मग इटलीतल्या लोकांनी त्याला सोन्याचं नाव का दिलं?

टोमॅटोचं मूळ घर दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा, पेरू आणि इक्वेडोरकडचा डोंगराळ भाग. तिथे आजही टोमॅटोचे रानटी भाऊबंद सापडतात, कुणाची फळं मटारच्या दाण्याएवढी लाल, कुणाची हिरवीच. गालापागोस बेटांवरच्या एका रानटी जातीची फळं पिवळी-केशरी असतात. पण टोमॅटोला शेतात आणून, निवडून निवडून मोठं केलं ते मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी. स्पॅनिश लोक तिथे पोहोचले तेव्हा तिथल्या बाजारात टोमॅटो मिरचीसोबत विकला जात होता. 'टोमॅटो' हे नावही तिथल्याच नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' शब्दावरून आलेलं.

स्पॅनिश जहाजांतून हे फळ युरोपात उतरलं. इटलीतल्या मात्तिओली नावाच्या वैद्याने १५४४ साली वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याने वर्णन केलेलं फळ चपटं होतं, फोडी पडल्यासारखं होतं, आधी हिरवं आणि पिकलं की सोन्याच्या रंगाचं. लाल नव्हे, सोनेरी. पुढे १५५४ च्या आवृत्तीत त्याने 'पोमी दोरो' हे नाव दिलं आणि लाल फळांचाही उल्लेख केला. या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळातली, १५४८ सालची एक चिठ्ठी आहे. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची याच्या शेतावरून पिसा शहरात एक टोपली आली. त्याच्या घरच्या कारभाऱ्याने सचिवाला लिहून कळवलं, की 'पोमी दोरो' सुखरूप पोहोचले. म्हणजे घरच्या कारभाऱ्याने लिहिलेल्या एका ओळीच्या निरोपामुळे आज आपल्याला कळतं, की पावणेपाचशे वर्षांपूर्वी कुणाच्या घरी टोमॅटो आला होता. चिठ्ठीचं मोल इथूनच सुरू होतं.

आणखी एक गंमत. मात्तिओलीला या नव्या फळाची ओळख करून द्यायची होती. नव्या माणसाची ओळख आपण 'अमक्याचा भाऊ' अशी करून देतो, तशी त्याने ती वांग्यावरून करून दिली. वांग्यासारखंच तेलात परतून मीठ-मिरी घालून खातात, असं सांगितलं. आणि आपल्याकडे काय झालं? आपल्याकडच्या जुन्या माणसांनीही याला बेलवांगी, वेलवांगी म्हटलं. विदर्भात भेदरं म्हणतात तो शब्द वेगळा, पण बेलवांगी म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना आणि त्या इटालियन वैद्याला, एकमेकांचा पत्ता नसताना, तीच सोयरीक दिसली. ती खरीच आहे. वांगं, बटाटा, टोमॅटो ही एकाच कुळातली भावंडं. टोमॅटोची छापील पाककृती इटलीत निघाली ती नेपल्सच्या आन्तोनियो लातिनीच्या पुस्तकात, १६९० च्या दशकात. तीत टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, बारीक करायचे, मग त्यात कांदा, मिरची, मीठ, तेल आणि व्हिनेगर घालायचं. ऐकून आमच्या गटातल्या सगळ्या एकदम म्हणाल्या, "हे तर भरीत!"

मग सोन्याचं फळ मागे कसं पडलं? मागे पडलं म्हणण्यापेक्षा बाजारातून घरात गेलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत टोमॅटो डब्यात भरण्याचे कारखाने निघाले, केचप बाटलीतून विकलं जाऊ लागलं. हाइन्झ कंपनीचं केचप १८७६ पासूनचं. लाल टोमॅटोचा रस शिजवला की आणखी गडद दिसतो. पिवळ्याचा रस फिका दिसतो, गिऱ्हाईक म्हणतं यात पाणी घातलंय. कारखान्याला लाल हवा होता, म्हणून शेतकऱ्याला लाल हवा झाला. पिवळा राहिला परसात, बायकांच्या हातात.

त्या काळच्या अमेरिकन घरांत बारक्या पिवळ्या टोमॅटोंचा एक पदार्थ होत असे, 'टोमॅटो फिग' म्हणजे टोमॅटोचे अंजीर. पेअरच्या आकाराचे टोमॅटो साखरेत मुरवून शिजवायचे, जरा दाबून चपटे करायचे, उन्हात वाळवायचे आणि साखर भुरभुरून डब्यात भरायचे. आपण आवळकाठी करतो, कैरीच्या फोडी पाकवतो, तसंच. आमच्या पहिल्या पुडीतले दिव्याच्या आकाराचे टोमॅटो याच घराण्यातले. त्यांना 'यलो पेअर' म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या वनस्पतिग्रंथांतही पेअरच्या आकाराच्या टोमॅटोची नोंद आहे. हे वाण टिकलं कारण ते ओळखायला सोपं. चिठ्ठी हरवली तरी आकारच चिठ्ठीचं काम करतो.

गोल टोमॅटोचं तसं नाही. तो शंभर जणांसारखा दिसतो. म्हणून आता दुसऱ्या पुडीकडे येऊ, 'गोल्डन क्वीन'कडे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रेनॉल्ड्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे १८२१ साली अलेक्झांडर लिव्हिंगस्टन यांचा जन्म झाला. त्या काळी टोमॅटो बहुतेक वेडेवाकडे, खोल घड्यांचे, आत पोकळ असत. लिव्हिंगस्टन यांना गुळगुळीत, गोल, भरीव टोमॅटो हवा होता. कित्येक वर्षं ते शेतातलं सगळ्यांत सुंदर फळ निवडायचे, त्याचं बी ठेवायचे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच वेडेवाकडे टोमॅटो यायचे. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की चूक निवडण्याच्या रीतीत आहे. एकटं फळ बघायचं नाही, सगळं झाड बघायचं. ज्या झाडाची सगळीच फळं हव्या त्या गुणाची आहेत, त्याचं बी धरायचं. या रीतीने १८७० साली त्यांचं 'पॅरागॉन' हे वाण बाजारात आलं आणि पुढे एकामागून एक वाणं निघत गेली. १८८२ साली त्यांच्या बियाणं कंपनीने पिवळं वाण विकायला काढलं, 'गोल्डन क्वीन', सोनेरी राणी. रेनॉल्ड्सबर्ग गाव आजही दरवर्षी टोमॅटोचा उत्सव करतं.

मैत्रिणींनो, लिव्हिंगस्टन यांची ही युक्ती आपल्या उपयोगाची आहे. आपण काय करतो? सगळ्यांत मोठी भेंडी, सगळ्यांत मोठं वांगं दिसलं की ते बियाला सोडतो. ते झाड रोगट आहे का, बाकीची फळं कशी आहेत, हे बघत नाही. फळ बघून नव्हे, झाड बघून बी धरा. पोरगी देताना आपण नुसता मुलगा बघत नाही, घर बघतो ना?

आता मुद्द्याची गोष्ट. लिव्हिंगस्टन यांनी १८९३ साली टोमॅटोवर पुस्तक लिहिलं, त्यात आपल्या वाणांची वर्णनं दिली. गोल्डन क्वीनची एक खूण होती. फळ पुरतं पिकलं की खालच्या टोकाला, जिथे फूल सुकून गळतं तिथे, हलकी लालसर छटा यायची. जणू पिवळ्या गालावर लाली. पुढे दिवस बदलले, संकरित बियाणं आलं, जुनी वाणं यादीतून गळाली. शंभर वर्षांनी काही हौशी लोकांनी जुनी वाणं पुन्हा शोधायला घेतली, तेव्हा 'गोल्डन क्वीन' नावाने बी मिळायचं, पण फळं निघायची केशरीसर, एकरंगी. ती लाली कुठेच नव्हती.

नॉर्थ कॅरोलायनातले क्रेग लहूलियर हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ, पण टोमॅटोचे मोठे जाणकार. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेलं गोल्डन क्वीनचं बी लावून पाहिलं आणि ते जुन्या वर्णनाशी पडताळलं. पुष्कळसं जुळलं नाही. जुळलं ते अमेरिकन सरकारच्या बियाणं-पेढीतून मिळालेलं बी. त्या फळांना खालच्या टोकाला ती गुलाबी लाली होती. नाव तेच, बी वेगळं. राणीच्या नावाने भलतीच कुणी गादीवर बसली होती, आणि खरी राणी सरकारी कपाटात पुडीत निजली होती.

ती ओळखता आली कशामुळे? बी जपलं होतं म्हणून, आणि वर्णन लिहिलेलं होतं म्हणून. नुसतं बी असतं तर कोणती खरी हे कुणी सांगितलं असतं? नुसतं वर्णन असतं तर हळहळत बसायचं. दोन्ही हवं. आमच्या दुसऱ्या पुडीतल्या टोमॅटोंना आम्ही पुरते पिकेपर्यंत झाडावर ठेवून पाहिलं. लाली आली नाही. म्हणजे आमची 'गोल्डन क्वीन' ती राणी नाही. चवीला चांगली आहे, भरपूर लागते, आम्ही ती ठेवणार आहोत. पण आता पुडीवर लिहिणार आहोत : 'गोल्डन क्वीन नावाने आलं, फळ केशरीसर, टोकाला लाली नाही.'

आता तिसरी पुडी, काकूंची. त्यासाठी घराघरांत टिकलेल्या वाणांची गोष्ट सांगायला हवी. १९७५ साली अमेरिकेत डायेन ऑट व्हीली आणि केंट व्हीली या नवराबायकोने 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' ही संस्था सुरू केली. डायेन यांच्या आजोबांनी त्यांना बव्हेरियातून घराण्यात आलेलं एक फुलवेलीचं आणि एका गुलाबी टोमॅटोचं बी दिलं होतं. आजोबा गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे बी आता आपल्याजवळच आहे. आपण विसरलो तर संपलं. त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांना जोडलं. ज्याच्याजवळ जे जुनं बी आहे त्याने ते यादीत लिहायचं, मागेल त्याला द्यायचं. आयोवा राज्यात डेकोरा गावाजवळ त्यांचं शेत आहे, तिथे हजारो वाणं जपली जातात.

अशा देवाणघेवाणीतून कितीतरी पिवळी वाणं पुढे आली आणि पुष्कळांना बायकांची, घराण्यांची नावं होती. टेनेसी राज्यातल्या लिलियन नावाच्या बाईंकडून आलेलं 'लिलियन्स यलो' हे त्यांतलं एक नावाजलेलं. मोठं, मांसल, लोण्यासारख्या फिक्या पिवळ्या रंगाचं. बी फार थोडं, म्हणून खाणाऱ्याला सुख आणि बी धरणाऱ्याला काळजी. फळ उशिरा येतं. दुसरं 'यलो ब्रँडीवाइन'. हेही मोठं, पण नाव पिवळं असलं तरी रंग सोनेरी-केशरी. याची मूळ फळं बरीच खडबडीत असत. एका कुटुंबाने वर्षानुवर्षं निवड करून त्यातून गुळगुळीत फळाची ओळ वेगळी काढली, तीही आता वेगळ्या नावाने ओळखली जाते. आणि रशियाकडून आलेलं 'अझोयच्का' मध्यम आकाराचं, लिंबासारख्या पिवळ्या रंगाचं, जरा आंबटसर.

लिलियन आणि ब्रँडीवाइन या दोघींची पानं बटाट्याच्या पानांसारखी असतात, रुंद आणि कडा जवळजवळ सरळ. नेहमीच्या टोमॅटोची पानं करवतीसारखी कातरलेली. काकूंना विचारलं, "तुमच्या मूळ झाडाची पानं कशी होती?" त्या म्हणाल्या, "बटाट्यासारखीच. मला आधी वाटलं रोप चुकलं." आणि वहिनींच्या चार रोपांपैकी? जे एक पिवळं निघालं त्याची पानं बटाट्यासारखी. तीन लाल निघाली त्यांची पानं कातरलेली. इथे भांडण मिटलं.

झालं होतं असं. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःचेच पराग स्वतः घेतं, म्हणून टोमॅटोचं बी धरणं सोपं. पण बटाट्याच्या पानांच्या मोठ्या टोमॅटोंमध्ये पुष्कळदा फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक बाहेर डोकावतं. त्याला शेजारच्या झाडाचे पराग भुंग्याच्या अंगाला लागून मिळू शकतात. काकूंच्या परसात शेजारीच लाल टोमॅटो होता. काही बियांना बाप लाभला लाल. पण फळ आईचं असतं, त्यामुळे काकूंनी हातात धरलेलं फळ पिवळंच होतं. लाल रंग उतरला तो पुढच्या पिढीत. लाल हा गुण पिवळ्यावर वरचढ असतो आणि कातरलेलं पान बटाट्याच्या पानावर वरचढ असतं. म्हणून मिसळ झालेल्या रोपांना पानं कातरलेली आणि फळं लाल. काकूही खऱ्या, वहिनीही खऱ्या.

पण पिवळेपणा मेलेला नसतो, झाकलेला असतो. त्या लाल फळांचं बी लावलं तर पुढच्या पिढीत साधारण चार झाडांत एक पुन्हा पिवळं निघतं. टोमॅटो लाल होतो तो लायकोपीन नावाच्या रंगद्रव्यामुळे. पिवळ्या गराच्या टोमॅटोत हे रंगद्रव्य बनवायच्या साखळीतली अगदी सुरुवातीची एक कडीच निकामी असते, म्हणून गर पिवळा राहतो. केशरी टोमॅटोंची गोष्ट निराळी. त्यांच्यात पुष्कळदा साखळी पुढे तुटलेली असते. म्हणजे बाजारात ज्यांना आपण सरसकट 'पिवळे' म्हणतो, ते आतून एकाच जातीचे नसतात.

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा सांगतो. पिकलेला टोमॅटो उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, साल सोलून उजेडात धरा. काहींची साल पिवळी दिसते, काहींची काचेसारखी रंगहीन. पिवळा गर आणि पिवळी साल असली की फळ झळझळीत पिवळं दिसतं. पिवळा गर आणि रंगहीन साल असली की फळ फिकं, लिंबोळीसारखं. दोन पिवळे टोमॅटो एकच आहेत की वेगळे, असा वाद झाला तर पान बघा, साल बघा, गराचा रंग बघा आणि खालच्या टोकाची लाली बघा. या चार खुणांनी पुष्कळ भांडणं मिटतात.

मग आपल्या परसात कोणतं लावावं? पहिल्यांदाच लावणारीने 'यलो पेअर'सारखं बारकं वाण घ्यावं. कुंडीत, पिशवीत, कुठेही येतं, एकदा सुरू झालं की थांबत नाही. मुलं येता-जाता तोडून खातात. चवीला मात्र ते सौम्य, काहींना मिळमिळीत वाटतं. मोठी मांसल वाणं चवीला सरस, पण वेळ फार घेतात आणि त्यांना थंडी मिळावी लागते. टोमॅटोला रात्रीचा उकाडा सोसत नाही, फुलं गळतात. म्हणून उशिरा येणारं वाण उन्हाळ्याच्या तोंडावर लावू नका. श्रावण-भाद्रपदात रोप टाका, म्हणजे फुलं थंडीत येतील. झाडाला बांबूचा आधार द्या, सुतळीने सैल बांधा. पानं आकसून वर वळली की बोकड्या आला समजा. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. असं झाड उपटून लांब टाका आणि त्याचं बी मुळीच धरू नका.

एक गैरसमजही काढून टाका. पिवळा टोमॅटो आंबट नसतो, पित्त असणाऱ्यांना चालतो, असं म्हणतात. खरं म्हणजे त्यात गोडी जास्त असली की आंबटपणा जिभेला कळत नाही, पण आम्ल असतंच. रंगावरून आम्ल ठरत नाही. तेव्हा टिकाऊ सॉस किंवा बाटलीबंद रस करताना लाल असो वा पिवळा, लिंबाचा रस घालायला चुकू नका.

आता बी धरायची रीत. झाड निवडा, फळ झाडावरच पुरतं पिकू द्या. ज्या फुलापासून बी हवं त्यावर ते उमलण्याआधीच पातळ मलमलीची पिशवी बांधा आणि रोज सकाळी हलकी टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी सोडा, देठाला रंगीत दोरा बांधा. पिकल्यावर बिया गरासकट वाटीत काढा, थोडं पाणी घाला, दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर साय धरते, वास येतो, घाबरू नका. त्याने बियांभोवतीचा बुळबुळीत गर सुटतो. चांगल्या बिया तळाला बसतात. धुऊन बशीत पसरा आणि सावलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात. कोरड्या बाटलीत, थंड जागी ठेवल्या तर टोमॅटोच्या बिया चार-पाच वर्षं सहज उगवतात.

आणि मग चिठ्ठी. नाव, कुणी दिलं, कोणत्या साली धरलं, पान कसं, साल कशी, गर कसा, शेजारी काय लावलं होतं. इतकं लिहायला पाच मिनिटं लागतात.

हे इतकं कळकळीने सांगतो आहोत त्याला कारण आहे. काकूंच्या त्या टोमॅटोचं नाव काय, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना ते बी त्यांच्या नणंदेने दिलं होतं, आणि नणंद आता नाही. तिला कुणी दिलं, तिने किती वर्षं जपलं, विचारायला माणूसच उरलं नाही. कदाचित ते परदेशातून फिरत आलेलं एखादं नावाजलेलं वाण असेल, कदाचित इथल्याच कुणा बाईने निवडत आणलेलं असेल. काकू म्हणाल्या, "ती इतक्यांदा आली, चहा पिऊन गेली, मी एकदा विचारलं नाही." त्या दिवशी सगळ्या गप्प बसलो होतो.

आपल्याकडे हे काम करणाऱ्या बायका आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं गोळा केलं, घरात बियाणं-पेढी उभी केली आणि बायकांना जोडून घेतलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना शाळा मिळाली नव्हती, पण कोणतं बी कशाचं, ते कसं लावायचं हे त्या घडाघडा सांगतात. आपण तर लिहू-वाचू शकतो. आपल्याला काय अडचण?

वहिनींच्या परसातल्या त्या एकुलत्या एक पिवळ्या झाडाच्या फुलांना यंदा आम्ही मलमलीच्या पिशव्या बांधल्या. बी निघालं थोडंच, पण निघालं. आता पुन्हा संक्रांत आली आहे. यंदाच्या वाणात त्याच्याही पुड्या आहेत. नाव नाही म्हणून आम्ही त्याला काकूंच्या नणंदेचं नाव दिलं आहे. चिठ्ठी वहिनींनी लिहिली, अक्षर त्यांचं चांगलं आहे. काकूंनी शेजारी बसून एक-एक शब्द सांगितला : पान बटाट्यासारखं, फळ मोठं, गर पिवळा, नणंदेने दिलं.

तुमच्याही घरात अशी एखादी पुडी असेल. डब्याच्या तळाशी, देवघराच्या कोनाड्यात, जुन्या पाकिटात. आज रेडिओ बंद केलात की आधी ती काढा, आणि जिने दिली ती असेल तर तिला फोन करा. विचारा, हे कशाचं गं? आणि ती सांगेल ते लिहून ठेवा.